मोठा फंड हिस्सा विकतो तेव्हा...

एखाद्या नामांकित परदेशी फंडाने कंपनीतील हिस्सा विकल्याची बातमी आली की दलाल स्ट्रीटवर पहिली प्रतिक्रिया उमटते ती भीतीची. 'मोठे गुंतवणूकदार बाहेर पडत आहेत, म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसले असणार,' असा तर्क सर्वसामान्य गुंतवणूकदार करतो आणि आपल्याकडील समभाग मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो. हा तर्क कधी खरा ठरतो, कधी सपशेल चुकतो. जपानच्या सॉफ्टबँकेने 'पेटीएम'मधील आपला हिस्सा दीड वर्षाहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने कसा विकला, हे तपासले असता या व्यवहारांमागील अर्थकारण उलगडते.

गाजावाजा आणि घसरण

'पेटीएम'ची पालक कंपनी वन९७ कम्युनिकेशन्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये प्राथमिक समभाग विक्रीद्वारे १८,३०० कोटी रुपये उभारले. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाची विक्री होईपर्यंत देशातील ती सर्वांत मोठी समभाग विक्री होती. यातील नव्या समभागांची रक्कम ८,३०० कोटींची होती. उर्वरित १०,००० कोटी रुपये जुन्या भागधारकांनी आपले समभाग विकून मिळविले. म्हणजेच गुंतवणूकदारांनी ओतलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम कंपनीच्या तिजोरीत गेलीच नाही. प्रतिसमभाग २,१५० रुपयांना विकलेला हा समभाग १८ नोव्हेंबर २०२१ रोजी, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला.

सॉफ्टबँकेने २०१७ मध्ये या कंपनीत सुमारे १४० कोटी डॉलर गुंतविले होते. समभाग नोंदणीनंतर तिच्याकडे १७ टक्क्यांहून अधिक हिस्सा होता. मात्र नोंदणीपूर्वीच्या गुंतवणूकदारांना त्या वेळच्या नियमानुसार एक वर्ष समभाग विकता येत नव्हते. ही मुदत नोव्हेंबर २०२२ च्या मध्यास संपली आणि लगेचच, १७ नोव्हेंबरला, सॉफ्टबँकेने सुमारे २ कोटी ९३ लाख समभाग ५५५ रुपये ६७ पैसे या भावाने विकले. साडेचार टक्के हिश्श्याच्या या विक्रीतून तिला सुमारे १,६३० कोटी रुपये मिळाले. त्या दिवशी समभागाचा भाव सुमारे १० टक्क्यांनी घसरला.

भाव का पडतो?

अशा घसरणीमागे नेहमीच कंपनीचे दुखणे असते असे नाही. कोट्यवधी समभाग एकाच दिवशी विकायचे तर तेवढे खरेदीदार मिळविण्यासाठी विक्रेत्याला सवलत द्यावी लागते. घाऊक मालाला किरकोळ भाव मिळत नाही, हाच बाजार समितीतील न्याय येथेही लागू होतो. सॉफ्टबँकेने आदल्या दिवसाच्या बंद भावापेक्षा सात टक्क्यांहून अधिक सवलत दिली होती. साहजिकच बाजारातील भाव त्या पातळीकडे सरकला. शिवाय, एवढा मोठा भागधारक विक्रीस निघाला की त्याच्याकडील उरलेले समभागही केव्हातरी बाजारात येणार, ही टांगती तलवार भावावर कायम राहते. तो साठा संपेपर्यंत नवे खरेदीदार हात आखडता घेतात.

फंड का विकतात?

फंडाकडील पैसा बहुतांशी इतरांचा असतो. सॉफ्टबँकेच्या व्हिजन फंडात सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीसह अनेकांचे भांडवल आहे. फंडाला ठराविक मुदत असते आणि त्या मुदतीत गुंतवणूक रोखीत बदलून भांडवलदारांना परतावा द्यावा लागतो. दुसरे कारण असते ते खुद्द फंडाच्या अडचणीचे. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत सॉफ्टबँक समूहाला ३ लाख कोटी येनहून अधिक तोटा झाला होता. घरात पैशांची निकड असताना जे विकता येण्याजोगे असते ते आधी विकले जाते. नोंदणीकृत कंपनीचे समभाग त्यात अग्रभागी असतात.

तिसरे कारण मात्र कंपनीशी निगडित असते. धंद्याविषयी किंवा नियामकांच्या भूमिकेविषयी साशंकता वाटू लागली की फंड जोखीम कमी करतात. बाहेरून पाहणाऱ्याला या तीन कारणांपैकी नेमके कोणते लागू आहे हे कळत नाही. गफलत होते ती इथेच.

दोन-दोन टक्क्यांचे गणित

नोव्हेंबर २०२२ नंतर सॉफ्टबँकेने एकदम मोठी विक्री टाळून बाजारात थोडे-थोडे समभाग सोडले. मे २०२३ मध्ये तिने हिस्सा १३.२४ टक्क्यांवरून ११.१७ टक्क्यांवर आल्याचे जाहीर केले. जुलैमध्ये तो ९.१५ टक्के झाला. विक्रीच्या बातम्या दरवेळी साधारण दोन टक्क्यांच्याच का येत, याचे उत्तर सेबीच्या नियमात आहे. पाच टक्के वा अधिक हिस्सा असणाऱ्या भागधारकाने, त्यात दोन टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास, दोन कामकाजाच्या दिवसांत ती माहिती जाहीर करावी लागते. म्हणजे ज्या दिवशी बातमी येते त्या दिवशी विक्री झालेली असतेच असे नाही. मे २०२३ ची माहिती १० फेब्रुवारीपासूनच्या सुमारे तीन महिन्यांतील विक्रीची होती. बातमी वाचून घाईने विकणारा गुंतवणूकदार अनेकदा होऊन गेलेल्या घटनेवर प्रतिक्रिया देत असतो.

टक्केवारीही जपून वाचावी लागते. नोव्हेंबर २०२२ च्या विक्रीनंतर सॉफ्टबँकेचा हिस्सा १३ टक्क्यांच्या किंचित खाली आला होता; पुढे तो १३.२४ टक्के कसा झाला? कंपनीने दरम्यानच्या काळात ८५० कोटी रुपयांची समभाग पुनर्खरेदी केली. एकूण समभागांची संख्या घटल्याने, एकही समभाग न घेता सॉफ्टबँकेची टक्केवारी वाढली.

फंडाचा अंदाज कितपत खरा?

याच काळात इतरही मोठे भागधारक बाहेर पडत होते. चीनच्या अलिबाबाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उरलेला सारा हिस्सा विकला. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २४ नोव्हेंबर २०२३ रोजी २.४६ टक्के हिस्सा सुमारे ८७७ रुपये भावाने तोटा सोसून विकला. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ३१ जानेवारी २०२४ रोजी, रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई करणारा आदेश काढला. पुढील दोन सत्रांत समभाग प्रत्येकी २० टक्क्यांनी कोसळला. तोपर्यंत सॉफ्टबँकेचा हिस्सा पाच टक्क्यांच्या आसपास आला होता. एवढे पाहिले तर 'मोठ्यांना आधीच सुगावा लागतो' हा समज पक्का होतो.

परंतु कथेचा उत्तरार्ध वेगळा आहे. सॉफ्टबँकेने फेब्रुवारी २०२४ मध्येही विक्री सुरूच ठेवली व महिनाअखेरीस हिस्सा २.८३ टक्क्यांवर आणला. जून २०२४ अखेरच्या तिमाहीत ती पूर्णपणे बाहेर पडली. मे २०२४ मध्ये समभाग ३१० रुपयांच्या आसपास, नीचांकी पातळीवर होता. त्याच समभागाने डिसेंबर २०२४ मध्ये हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. अखेरच्या टप्प्यातील विक्री जवळपास तळाच्या भावाला झाली, हे उघड आहे. अर्थात फंडाच्या दृष्टीने तो एका मोठ्या टोपलीतील एक जिन्नस होता. ज्याची सारी बचत एकाच समभागात अडकली आहे, त्याला असा विचार परवडत नाही.

काय पाहावे?

विक्रीची बातमी आल्यास प्रथम विक्रेत्याकडे किती हिस्सा उरला आहे, हे पाहावे. एखाद्या कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक समभागांचे व्यवहार एका दिवसात झाल्यास खरेदीदार-विक्रेत्याचे नाव व भाव शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी प्रसिद्ध होतो. समोर खरेदी कोणी केली हेही त्यात दिसते. प्रत्येक तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला भागधारणेचा तक्ता द्यावा लागतो व त्यात एक टक्का वा अधिक हिस्सा असणाऱ्या सार्वजनिक भागधारकांची नावे असतात. विक्रेत्याचा हिस्सा पाच टक्क्यांखाली गेल्यावर पुढील विक्रीचा माग काढण्यासाठी हा तक्ताच प्रामुख्याने उपयोगी पडतो.

त्याहून महत्त्वाचा आहे तो खरेदीच्या भावाचा मोह टाळणे. सॉफ्टबँकेची सरासरी खरेदी त्या वेळच्या वृत्तांनुसार सुमारे ८०० रुपयांची होती. तरीही तिने ५५५ रुपयांना विकण्यास मागेपुढे पाहिले नाही. '२,१५० रुपये परत मिळाल्याशिवाय विकणार नाही' असा निर्धार करून बसलेल्या गुंतवणूकदाराचा भाव मात्र बाजाराला ठाऊकच नसतो. समभाग ठेवायचा की विकायचा, याचा निर्णय कंपनीचा धंदा, तिचा नफा-तोटा आणि आपली निकड पाहून घ्यावा लागतो. फंडाची विक्री हा त्यासाठी पुन्हा एकदा हिशेब तपासण्याचा इशारा समजावा. तो हिशेब फंड आपल्यासाठी करून देत नाही.