दूरचित्रवाणीचे चित्र : दोष संचाचा की जोडणीचा?

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील घरांच्या छपरांवर वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड केलेले आकाशक दिसू लागले. त्या काळी संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत. मग घरातील एकाने गच्चीवर जाऊन आकाशक फिरवावा आणि दुसऱ्याने खिडकीतून "आता ठीक" असे ओरडून सांगावे, हा घरोघरचा उपाय होता. पुढे केबल आली व आकाशक हळूहळू दिसेनासे झाले. केबल टेलिव्हिजन जाळ्यांचे नियमन करणाऱ्या 1995 च्या अधिनियमात 2011 साली दुरुस्ती होऊन अंकीय प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यात आले. दुसऱ्या टप्प्यातील 38 शहरांत ठाणे व कल्याण-डोंबिवली यांचा समावेश होता आणि त्यासाठी 31 मार्च 2013 ही मुदत ठरविण्यात आली होती. अशा रीतीने सेट-टॉप बॉक्स घरोघरी पोहोचला.

पेटी आली, अनेकांनी मोठे सपाट संचही घेतले. तरीही चित्र मनासारखे दिसत नाही, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. अशा वेळी संच बदलण्याचा विचार प्रथम केला जातो. वस्तुतः गच्चीवरील तारेपासून पडद्यापर्यंत ही एक साखळी आहे आणि तिच्यातील सर्वांत कच्चा दुवा जेवढा चांगला, तेवढेच चित्र चांगले. तो दुवा शोधणे फारसे कठीण नाही.

दोषांचे दोन प्रकार

अंकीय संकेत जुन्या संकेतासारखा हळूहळू फिका होत नाही. तो एका मर्यादेपर्यंत पूर्ण चित्र देतो आणि त्या मर्यादेखाली गेला की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज तुटतो किंवा चित्र गोठते. त्यामुळे दोषाच्या स्वरूपावरूनच त्याचे स्थान बहुधा ओळखता येते. चित्र तुटत वा थांबत असेल, तर दोष सामान्यतः बाहेरून पेटीपर्यंत येणाऱ्या तारेत असतो. चित्र अखंड असूनही धूसर, फिके किंवा ताणलेले दिसत असेल, तर दोष पेटी व संच यांमधील जोडणीत किंवा मांडणीत शोधावा.

पेटीपासून संचापर्यंत

साध्या दर्जाचे चित्र 720 गुणिले 576 बिंदूंचे असते, तर उच्च दर्जाचे म्हणजे एचडी चित्र 1920 गुणिले 1080 बिंदूंचे. अर्थात बरोबर पाचपट. मात्र हा लाभ मिळण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात : एचडी संच, एचडी पेटी, एचडी वाहिनीची वर्गणी आणि एचडीएमआय तार. पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांची जुनी तार वापरल्यास पिवळ्या तारेतून साध्या दर्जाचेच चित्र जाते. मग एचडीसाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात. पुष्कळ वाहिन्यांच्या साध्या व एचडी आवृत्तींना वेगवेगळे क्रमांक असतात. तेव्हा आपण नेमका कोणता क्रमांक पाहत आहोत, हेही तपासावे.

यानंतर पेटीच्या मांडणीत जाऊन चित्राचा दर्जा 1080 व पडद्याचे प्रमाण 16:9 असे निवडावे. जुने कार्यक्रम 4:3 प्रमाणात चित्रित झालेले असतात. ते पडदाभर ताणल्यास माणसे रुंद दिसतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे. संचातील भडक रंगांची मांडणी दुकानातील झगमगाटासाठी सोयीची असते; घरात सर्वसाधारण मांडणी ठेवून तीक्ष्णता कमी करावी. काळ्या केसांतील बटा आणि पांढऱ्या साडीच्या चुण्या दोन्ही दिसू लागल्या की प्रकाशाचे प्रमाण योग्य समजावे.

गच्चीपासून पेटीपर्यंत

अनेक वस्त्यांत केबल एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर जाते. कोकणपट्टीतील चार महिन्यांचा पाऊस व दमट हवा हे तिचे मोठे शत्रू. उघड्या सांध्यातून पाणी शिरले की आतील तांबे व जाळी गंजते आणि संकेत क्षीण होतो. यासाठी 75 ओहमची, चांगल्या आवरणाची सहअक्षीय तार वापरावी. सांधे पिळून व चिकटपट्टी लावून न करता स्क्रूच्या जोडणीने करावेत, आणि घरात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाईल.

एका तारेवर दोन संच चालविण्यासाठी लावलेला स्प्लिटर प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमीच संकेत देतो. चार फाटे केल्यास पाव हिस्साही उरत नाही. अशा वेळी संचाजवळ बूस्टर लावण्याचा मोह होतो. परंतु बूस्टर संकेताबरोबर त्यात मिसळलेला गोंगाटही वाढवितो. अनावश्यक फाटे काढून टाकणे हा अधिक खात्रीचा उपाय होय.

काही ठरावीक वाहिन्याच तुटत असतील, तर त्यांचे क्रमांक लिहून ठेवावेत. एकाच कंप्रतेवरून अनेक वाहिन्या येत असल्याने त्या एकत्रच बिघडतात आणि लांब किंवा खराब तारेत उच्च कंप्रतेचा संकेत अधिक घटतो. बहुतेक पेट्यांच्या यादीत संकेताची पातळी व गुणवत्ता दाखविणारे पान असते; त्यावरील आकडेही टिपावेत. शेजाऱ्याकडेही त्याच वाहिन्या त्याच वेळी तुटत असतील, तर दोष आपल्या घरात नाही, असे समजण्यास हरकत नाही.

जबाबदारी कोणाची?

घराबाहेरील तार, सांधे व संकेत यांची काळजी घेणे केबलचालकाचे काम आहे. प्रमाणित उपकरणे वापरण्याचे बंधन 1995 च्या अधिनियमानेच त्याच्यावर घातले आहे. तक्रार तोंडी न ठेवता सेवा केंद्रात नोंदवून क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक उपलब्ध आहे. वाहिन्यांचे क्रमांक, तारीख, वेळ व पातळीचे आकडे जवळ असतील, तर तक्रारीला वजन येते.

स्पष्ट चित्र ही केवळ करमणुकीची बाब नाही. 2020 साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविण्यात आली. ज्या घरी चित्र तुटत होते, त्या घरच्या मुलाचा धडाही तुटला. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखविणे कायद्याने केबलचालकांवर बंधनकारक आहे. त्या घरोघरी नीट दिसाव्यात, ही त्याच्यापुढची पायरी होय. पावसाळ्यापूर्वी गृहनिर्माण संस्थांनी, शाळांनी व ग्रामपंचायतींनी आपापल्या इमारतींवरील तारा व सांधे केबलचालकाकडून तपासून घेतले, तर नवा संच विकत न घेताही अनेक घरांतील चित्र सुधारेल.