वाचून झालं म्हणजे अभ्यास झाला?

पहिल्या सत्रातली अंतर्गत परीक्षा अनेकांना धक्का देऊन जाते. बारावीला ८५ टक्के मिळवलेला मुलगा ३० पैकी ११ गुण बघतो आणि ‘आपल्याला हे झेपणार नाही’ असं ठरवून टाकतो. एफवायच्या वर्गांत हे दरवर्षी घडतं. काही मुलं तर याच भीतीपोटी शाखा बदलतात, काही शिक्षण सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांची बुद्धी दोन-तीन महिन्यांत कमी झालेली नसते. शाळेत चालून गेलेली अभ्यासाची रीत इथे अपुरी पडलेली असते आणि दुसरी रीत त्यांना कुणी दाखवलेली नसते.

शाळेत विषय शिकवतात. अभ्यास कसा करायचा, याचा तास वेळापत्रकात कधीच नसतो. मग ताईने केलं तसं, क्लासच्या सरांनी सांगितलं तसं, मोबाइलवर कुणा टॉपरने म्हटलं तसं, अशी ज्याची त्याची रीत बनते. यातलं काय खरं आणि काय नुसतं ऐकीव, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून तपासलेलं आहे आणि त्यांचे बरेचसे निष्कर्ष आपल्या समजुतींच्या उलट आहेत.

‘तीनदा वाचलं, आता पक्कं आहे’

सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज हाच. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात १७७ विद्यार्थ्यांना विचारण्यात आलं, की तुम्ही अभ्यास कसा करता? ८४ टक्क्यांनी सांगितलं, पुस्तक किंवा वही पुन्हा वाचतो. पुस्तक मिटून काय आठवतं ते बघतो, असं सांगणारे अवघे ११ टक्के निघाले. ही पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे काही वेगळं असेल असं वाटत नाही. परीक्षेच्या दिवसांत कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा: उघडं पुस्तक, हातात हायलाइटर आणि पानंच्या पानं पिवळी.

त्याच विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला, प्रत्येकाने सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या सत्रात वाचला, तीन-चार वेळा. पुढच्या तिन्ही सत्रांत उतारा बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र पारडं फिरलं. चौदा वेळा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के राहिलं होतं, लिहून बघणाऱ्यांच्या ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा कुणाला होता? वाचणाऱ्यांना.

हा भरवसाच घात करतो. दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा झालेला असतो, डोळे सरसर पुढे सरकतात आणि मन म्हणतं, हे तर येतंय. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. परीक्षेत समोर पुस्तक नसतं, त्यामुळे तिथे ओळख उपयोगाची नसते.

एक उदाहरण नीट बघू. एफवायच्या अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता हा घटक असतो. व्याख्या दोन ओळींची आहे: किमतीतल्या शेकडा बदलामुळे मागणीत होणाऱ्या शेकडा बदलाचं प्रमाण. चारदा वाचली की पाठ होते. आता पुस्तक मिटा आणि हा प्रश्न सोडवा. एका गाडीवर वडापाव २० रुपयांना मिळतो, दिवसाला २०० जातात. किंमत २२ केली आणि खप १६० वर आला. गाडीवाल्याचं यात भलं झालं का? किंमत वाढली १० टक्के, मागणी घटली २० टक्के, म्हणजे लवचिकता २. आधी दिवसाचे ४,००० रुपये येत होते, आता ३,५२०. मागणी लवचीक असेल तर भाव वाढवून उत्पन्न घटतं. आता वडापावच्या जागी मीठ ठेवा आणि काय होईल ते सांगा. मीठ दोन रुपयांनी महागलं म्हणून कुणी अळणी जेवत नाही. हे सगळं कोऱ्या कागदावर, न बघता, स्वतःच्या शब्दांत मांडता आलं तर तो घटक आला. व्याख्या धडाधड म्हणता येते पण गाडीवाल्याचा हिशेब सुचत नाही, अशी अवस्था असेल तर घटक अजून यायचाय. ते परीक्षेच्या दालनात कळण्यापेक्षा आज घरी कळलेलं बरं.

म्हणून एकदा लक्ष देऊन वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरा. पहिल्या दोन-तीन खेपांना पान अर्धंही भरत नाही आणि जीव रडकुंडीला येतो. बरेच जण याच टप्प्यावर ही पद्धत सोडून पुन्हा वाचायला बसतात. कृपा करून सोडू नका. आठवण्यासाठी जो ताण पडतो, त्यानेच गोष्ट स्मरणात रुजते. जॉन डनलोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा पुरावा तपासला. त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर वाटून करणं या दोनच पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. पुनर्वाचन आणि रेघोट्या मारणं खालच्या गटात गेलं.

‘परीक्षेला अजून वेळ आहे’

शाळेत वर्ष होतं, इथे सत्र आहे, आणि ते हातातून भराभर निसटतं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास. पण राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १,२०० तासांच्या शिक्षणाला ४० क्रेडिट धरली आहेत, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. तोच विषय १२० तासांचा झाला. उरलेले ६० तास कुठे आहेत? ते तुमच्याकडून अपेक्षित आहेत. वर्गातल्या प्रत्येक तासामागे स्वतःचा एक तास, असा हा हिशेब आहे. प्रवेशाच्या वेळी तो कुणी समजावून सांगत नाही आणि मुलांना वाटतं की लेक्चरला बसलो म्हणजे काम झालं.

हे तास सत्राच्या शेवटी एकगठ्ठा काढता येत नाहीत. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाचं मोजमाप केलं आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे त्याने दाखवलं. पाठांतर अनेक दिवसांवर वाटलं तर कमी कष्टांत होतं, हेही त्यालाच आढळलं. त्यामुळे आज झालेलं लेक्चर उद्या वीस मिनिटं, पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं आणि महिन्याने दहा मिनिटं आठवून बघणं, हे परीक्षेच्या तोंडावर सलग पाच तास घालवण्यापेक्षा किती तरी लाभाचं आहे.

आणि नाइट मारण्याबद्दल. रात्रभर जागून सकाळचा पेपर कसाबसा निघूनही जातो, म्हणून तर ही सवय टिकून आहे. पण झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, हा समज चुकीचा आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की शिकल्यानंतर जागं राहण्यापेक्षा तेवढाच वेळ झोपल्यावर विसरणं कमी होतं. त्यांच्या प्रयोगात दोघेच विद्यार्थी होते, पण झोपेचा आणि स्मरणाचा संबंध नंतरच्या संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसला आहे. पेपरच्या आदल्या रात्री सहा-सात तास झोपणं हा अभ्यासाचाच भाग समजा.

‘मी बघून शिकणारी आहे’

काही जण बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, ही कल्पना आता शिक्षकांच्या प्रशिक्षणातही ऐकू येते. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं. ज्याच्या त्याच्या ‘शैली’प्रमाणे शिकवलं तर जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवड प्रत्येकाची असते, ती जपावी. पण रीत विषयाप्रमाणे ठरते. हृदयाची रचना आकृतीशिवाय कळत नाही आणि उच्चार ऐकल्याशिवाय.

‘एक प्रकार पूर्ण पक्का झाल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही’

गणित, संख्याशास्त्र, अकाउंट्स, भौतिकशास्त्र असे विषय असणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवली की हात बसतो, छान वाटतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला लावलं. एका गटाला एका वेळी एकच प्रकार दिला, दुसऱ्याला चारही मिसळून. सरावात पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, दुसऱ्याची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला, दुसरा ६३ वर टिकला. पेपरात वर लिहिलेलं नसतं की इथे अमुक सूत्र वापरा. सूत्र ओळखण्याचा सरावसुद्धा करावा लागतो आणि तो मिसळलेल्या उदाहरणांतच होतो. जुन्या प्रश्नपत्रिका त्यासाठीच घ्याव्यात. यंदा काय येईल याचा अंदाज बांधायला नव्हे, तर घड्याळ लावून, न बघता सोडवायला.

‘माझं इंग्रजी कच्चं, म्हणून विषय कच्चा’

बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या आणि आता इंग्रजी पुस्तकांसमोर बसलेल्या मुलामुलींना मला हे कळकळीने सांगायचं आहे. तुम्हाला विषय येत नाही, ही समजूत मनातून काढून टाका. मनुका पाण्यात का फुगतात, हे तुम्ही शाळेत परासरण या नावाने शिकला आहात. वर्गात मॅडम ऑस्मोसिस म्हणतात तेव्हा त्या हेच सांगत असतात. अडचण शब्दाची आहे आणि ती कष्टाने सुटणारी आहे.

वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने करा. एका बाजूला वर्गात आलेली इंग्रजी संज्ञा, दुसरीकडे मराठी संज्ञा आणि स्वतःच्या शब्दांत एका ओळीचा अर्थ. शासनाच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहेत. नवीन घटक आधी विश्वकोशातल्या नोंदीतून मराठीत समजून घ्या, मग इंग्रजी पुस्तकातलं तेच प्रकरण उघडा. वाक्यं अडखळत का होईना, कळू लागतात. कोऱ्या कागदावर आठवून लिहिताना पहिले काही आठवडे खुशाल मराठीत लिहा, संज्ञा तेवढ्या इंग्रजी ठेवा. हळूहळू वाक्यंही इंग्रजीत येऊ लागतील. इंग्रजी उत्तरं न समजता घोकणं मात्र टाळा. एक शब्द विसरला की पुढचं सगळं उत्तर कोसळतं.

इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवलं आहे. तुमच्या विषयाला आणि विद्यापीठाला हे लागू आहे का, ते सत्राच्या सुरुवातीलाच परीक्षा विभागात विचारून घ्या. परवानगी असेल तर ती वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

‘शंका विचारली तर हसतील’

हसणारा एखादा असतो. पण ज्यांना तीच शंका असते आणि विचारायचं धाडस होत नाही, असे वर्गात कितीतरी जास्त असतात. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात हात वर करणं जड जातं, हे खरं. मग स्टाफरूममध्ये जा. ‘सर, मला काहीच कळलं नाही’ असं सांगितलं तर सरांना कुठून सुरुवात करावी ते समजत नाही. त्याऐवजी लाल पेनने भरलेला कागद पुढे ठेवा आणि म्हणा, ‘इथपर्यंत मला आलं, इथे अडलं.’ असा कागद घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक प्राध्यापक आनंदाने वेळ देतात.

तुमच्या विषयांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. तो आज उतरवून घ्या, कुठल्या युनिटला किती तास दिले आहेत ते बघा आणि या आठवड्यात झालेल्या एका लेक्चरचं एक पान न बघता लिहा. उद्या ते घेऊन सरांना किंवा मॅडमना भेटा.