गर्भाची वाढ : तक्ता एक की अनेक?

गर्भाची वाढ सोनोग्राफीतील मापे प्रमाणित तक्त्याशी ताडून तपासली जाते. सर्व लोकसमूहांसाठी हा तक्ता एकच असावा काय? माता निरोगी व सुपोषित असल्यास गर्भवाढ सर्वत्र जवळजवळ सारखीच होते, असा निष्कर्ष आठ देशांत (भारतात नागपूर येथे) झालेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ अभ्यासाने २०१४ मध्ये काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांतील अभ्यासात (२०१७) मात्र देशपरत्वे लक्षणीय फरक आढळले. वेगळा तक्ता स्वीकारल्यास पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणातून आलेले कमी वजन ‘नैसर्गिक’ ठरण्याचा धोका आहे. एकच तक्ता लावल्यास निरोगी परंतु लहान चणीचे गर्भ ‘खुंटलेले’ ठरू शकतात. म्हणून एकाच मापावर न विसंबता वाढीचा वेग व मातेचे पोषण या दोहोंचा विचार व्हावयास हवा.