चांगुलपणाचा अभ्यासक्रम

लोकांचं भलं करायचं तर ते रीतसर शिकावं लागतं, त्यासाठी दोन वर्षं वर्गात बसून पदविका घ्यावी लागते, असं १९३६च्या मुंबईत कुणी म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावल्या असत्या. समाजसेवेचं या शहराला काही वावडं नव्हतं. ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग १९११पासून कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग आणि वाचनालयं चालवत होती. विठ्ठल रामजी शिंद्यांचं डिप्रेस्ड क्लासेस मिशन त्याहून पाच वर्षं जुनं. रमाबाई रानड्यांचं सेवासदन होतं, शेठियांचे धर्मादाय निधी तर उदंड. पण हा सगळा कारभार कळकळीवर आणि पदरमोडीवर चाले. कार्यकर्ता घडायचा तो कुणा मोठ्या माणसाच्या सहवासात, नाहीतर ठेचा खात. वर्ग, परीक्षा, पगार ही भाषा सेवेला लावणं अनेकांना कमीपणाचंच वाटे.

ती भाषा ठामपणे लावली एका अमेरिकन मिशनऱ्याने. क्लिफर्ड मॅनशार्ट शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले. १९२५ साली ते अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. १८१३पासून मुंबईत असलेलं हे मिशन मराठी वाचकाला नवं नाही, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ज्यांच्यासोबत काम केलं, तेच हे. मिशनला शहरातल्या गरीब वस्तीत काम उभं करायचं होतं. जागा ठरली नागपाडा.

तेव्हाचा नागपाडा म्हणजे मुसलमान, बगदादी यहुदी, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ, आणि हाकेच्या अंतरावर कामाठीपुरा. १९२६ साली तिथं नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू झालं. नमुना परदेशी होता. लंडनमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉल आणि शिकागोत १८८९ साली जेन अ‍ॅडम्स यांचं हल हाऊस निघालं होतं. शिकल्यासवरल्यांनी गरिबांच्या मोहल्ल्यात जाऊन बिऱ्हाड करायचं, दान वाटत न बसता शेजारधर्म पाळायचा, हे त्यामागचं सूत्र. नागपाड्याच्या घरात आरोग्याचं काम, वाचनालय, वर्ग, खेळ असं सगळं होतं. शिवाय व्याख्यानं होती, आणि तीही शहराच्या प्रश्नांवर. त्यातल्या काहींचं पुस्तक मॅनशार्टांनी १९३० साली ‘बॉम्बे टुडे अँड टुमारो’ या नावाने संपादित केलं. धर्मांतराचं आमिष म्हणून सेवा करायची नाही, हा दंडक मात्र त्यांनी पाळला. मिशनच्या पैशावर आलेल्या माणसाने हे म्हणायला छातीच हवी.

दहा वर्षं हे घर चालवताना मॅनशार्टांची खरी अडचण वेगळीच होती. काम होतं, लोक होते, थोडाफार पैसाही मिळे. हे काम जाणणारी माणसं मिळत नव्हती. १९३२ साली सर दोराबजी टाटा गेले. आपली संपत्ती त्यांनी ट्रस्टच्या हवाली केली होती, आणि ट्रस्टच्या कामात मॅनशार्टांचा शब्द ऐकला जाई. धनिकाच्या नावाने दवाखाना निघतो, धर्मशाळा निघते. या ट्रस्टनेही पुढे १९४१ साली परळला टाटा कर्करुग्णालय उभारलंच. पण त्याआधी पैसा घातला तो शाळेत. दृष्टीस पडेल अशी इमारत नाही, आणि फळ दिसायला एक पिढी लागणार. देणगीच्या इतिहासात हा निर्णय मला त्या रुग्णालयाइतकाच मोठा वाटतो.

१९३६ साली नेबरहूड हाऊसमध्येच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ भरलं. संचालक मॅनशार्ट, विद्यार्थी वीस, सगळे पदवीधर. वर्गाइतकंच वजन फील्डवर्कला होतं, म्हणजे कुठल्यातरी संस्थेत किंवा वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं आणि ते शिक्षकांच्या नजरेखाली. दुसऱ्याच वर्षी शाळेने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. भारतातल्या अशा पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते.

तिथल्या कामाची रीत अशी. समजा, शाळेतून पळणारा, चोऱ्या करणारा पोरगा आणला. डॉक्टर त्याला तपासणार, मानसशास्त्रज्ञ बुद्धीच्या चाचण्या घेणार, आणि समाजकार्यकर्ती त्याच्या घरी जाणार. खोलीत माणसं किती, बाप कामावर कधी जातो, पोरगा झोपतो कुठे, सावत्र आई आहे का, मार कोण देतं. परत आल्यावर तिने लिहायचं: आई काय म्हणाली, मी काय विचारलं, त्यावर ती गप्प का झाली. ‘घरची परिस्थिती वाईट’ एवढं खरडून सुटका नाही. मग तिघांनी एकत्र बसून ठरवायचं, की औषध पोराला हवं की घराला. समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेल्या कुणालाही विचारा, रात्री जागून लिहिलेले फील्डवर्कचे रिपोर्ट आणि सुपरवायझरच्या समासातल्या लाल खुणा त्याला जन्मभर आठवतात. ती परंपरा इथली.

मॅनशार्ट १९४१ साली संचालकपद सोडून गेले. त्यांच्या जागी जे. एम. कुमारप्पा आले, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचे बंधू. १९४४ साली शाळेची ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाली, १९५४ साली ती देवनारला गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मधल्या काळात मुंबईत निर्मला निकेतन आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली, आणि आज एमएसडब्ल्यूची महाविद्यालयं महाराष्ट्रात गावोगाव आहेत.

आक्षेप अर्थातच आले, आणि ते खोटे नव्हते. पुस्तकं अमेरिकन, पद्धत अमेरिकन. एकेका माणसाची केस हाती घेऊन त्याला सावरायचं तंत्र शिकागोत शोभतं. जिथे अख्खी वस्ती जातीमुळे किंवा जमीन गेल्यामुळे कंगाल झालेली, तिथं केस कुणाची काढायची? जोशींनी कामगारांच्या संघटना बांधल्या, शिंद्यांनी अस्पृश्यतेशी झुंज घेतली. त्यातलं अभ्यासक्रमात कितीसं आलं? संस्थेचे पुढचे एक संचालक मा. स. गोरे यांनी शिंद्यांच्या कार्यावर १९९० साली पुस्तक लिहिलं. मुंबईत समाजकार्याची शाळा निघून तोवर ५४ वर्षं उलटली होती.

मॅनशार्टांच्या बाजूने एक सांगायला हवं. दुसऱ्याच्या दारिद्र्यात हात घालणारा माणूस उत्तरदायी असावा, त्याने काय केलं ते लिहून ठेवावं आणि चुकला तर त्याला कुणी विचारावं, ही शिस्त कुठल्याही देशाची नसते. नुसत्या त्यागाच्या पुण्याईवर चालणाऱ्या संस्थांत तर असं विचारायची सोयच नसते.

अभ्यासक्रमातला कामगार कल्याण हा विषय मात्र भलत्याच वाटेने गेला. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं आणि या शिक्षणाला हक्काची नोकरी मिळाली. कल्याण अधिकाऱ्याचा पर्सोनेल ऑफिसर झाला, पर्सोनेलचं एचआर. आज देवनारच्या एचआर अभ्यासक्रमासाठी देशभरातून झुंबड उडते, कंपन्या भरतीसाठी कॅम्पसवर येतात, आणि त्याच आवारात शेजारच्या वर्गातली मुलं फील्डवर्कसाठी गोवंडीच्या वस्तीत निघालेली असतात.