ढगातली खतावणी

लक्ष्मीपूजनाला चोपडीवर हळदकुंकू वाहणारी आपण माणसे. तीच चोपडी आता ढगात ठेवायची म्हटल्यावर जीव थोडा धास्तावणारच! ‘क्लाऊड’ म्हणजे दुसऱ्याच्या, दूरच्या संगणकावर भाड्याने ठेवलेला आपला हिशेब, एवढाच त्याचा अर्थ. पण कवठे महांकाळात ढग म्हटला की लोक आधी वर पाहतात. तालुका अवर्षणाचा, म्हैसाळ योजनेचे पाणी येईतो ढगांवर विसंबून पुष्कळांनी हात पोळून घेतलेले.

आमच्या दाजींचे तिथे द्राक्षबागांच्या औषधांचे दुकान आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्यांची लाल वही अपुरी पडू लागली. कशीबशी काही वर्षे निभावली. मग यंदाच्या पावसाळ्यात दोन विक्रेते आले.

पहिल्याने रंगीत आलेख दाखवले. दाजींनी एकच विचारले, “उधारीचं काय?” ऑक्टोबर छाटणीला नेलेल्या औषधाचे पैसे द्राक्षे किंवा बेदाणा विकल्यावर, फाल्गुन-चैत्रात येतात. यंत्र मात्र तीस दिवस होताच गिऱ्हाइकाला आपोआप तगादा धाडणारे! सोयऱ्याधायऱ्यांना असा निरोप गेला, तर पुढच्या हंगामात ते दुकानाची पायरी चढतील काय?

दुसऱ्याच्या यंत्रात मुदत आपल्या हाताने बदलता येत होती. बिल मराठीत निघे, आणि नेट गेले तरी निघे. सांगलीच्या ऑडिटरांना त्यांच्या टॅलीत घेता येईल अशी फाइलही मिळे. (खरे सांगायचे तर, अशा बाबतीत निम्मी निवड ऑडिटरच करतात!)

सौदा जमलाच होता. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या ताईने विचारले, “ज्या महिन्यात पैसे भरले नाहीत, त्या महिन्यात आमची खतावणी आम्हांला दिसंल का?”

विक्रेता घुटमळला. नवी नोंद करता येणार नाही, जुने काही दिवस पाहता येईल, असे काहीसे बोलला. ताईने ते कागदावर लिहून मागितले. शिवाय सगळी खाती हवी तेव्हा आपल्या डिस्कवर उतरवून घेता येतात की नाही, हे त्याच्याकडून तिथेच करवून घेतले.

तिची धास्ती पोकळ नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या बाजारपेठेत शिरली तेव्हा भिजायला वही काय नि संगणक काय, सारखेच होते. म्हणून हिशेब गावाबाहेर असणे चांगले, हे दाजींचे म्हणणे खरे. पण १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरी ओव्हीएचक्लाऊड कंपनीचे माहितीकेंद्र आगीत जळाले, आणि ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांतल्या कित्येकांची माहिती गेली ती गेलीच. ढगालाही आग लागते!

दाजींनी वर्षाचे न भरता तूर्त महिन्याचेच भाडे भरले आहे. थोडे महाग पडते, पण सोडून जायची वाट मोकळी राहते. दर महिन्याच्या एक तारखेला ताई खात्यांची प्रत उतरवते. एक डिस्क दुकानात, दुसरी मिरजेला आमच्या घरी. ती कुठे ठेवायची, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. सध्या ती तांदळाच्या डब्यात आहे.