कुंपणाच्या पायाशी वाढणारे तण

बाग करायची तर आधी कुंपण हवे. काट्यांचे कुंपण वाळवी खाते. ते पुन्हा पुन्हा नवे घालावे लागते. जिवंत कुंपण मात्र एकदा नीट लागले की वर्षानुवर्षे टिकते. मेंदी, करवंद, सागरगोटा ही झाडे त्यासाठी चांगली. पण रोपे लावली की काम संपले, असे नाही. पहिली दोन वर्षे ती तान्ह्या मुलासारखी जपावी लागतात.

आम्ही शाळेत शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या बागेभोवती आम्ही आषाढात मेंदी लावली. पाऊस चांगला झाला. सगळीकडे हिरवेगार दिसू लागले. आम्हाला वाटले, कुंपण छान वाढते आहे. दसऱ्याला जवळ जाऊन पाहिले, तर हिरवे दिसत होते ते गवत! ते उपटले, तो आत निम्मी रोपे मेलेली. त्या खिंडारांतून शेळ्या आत शिरल्या. मुलांनी वाढवलेली वांगी-मिरची त्यांनी एका दुपारी फस्त केली. मुले रडकुंडीला आली. 'तण खाई धन' हे आम्हीच त्यांना शिकवले होते. स्वतः मात्र विसरलो.

असे का होते? कोवळ्या रोपाची मुळे वरच्या थरातच असतात. गवताची मुळेही तिथेच. ओल आणि खत गवत आधी ओढून घेते. वरून रोपाचे ऊनही अडवते. मग रोप खुरटते.

यावर उपाय सोपा आहे. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना हात-हात रुंद पट्टा स्वच्छ ठेवा. त्यापलीकडे बांधावरचे गवत राहू द्या. ते माती धरून ठेवते. लागवडीनंतर ३ आठवड्यांनी पहिली खुरपणी करा. पुढे पावसाळाभर दर १५-२० दिवसांनी करा. चिखलात खुरपू नका. वाफसा आला की खुरपा. रोपाजवळ कुदळ चालवू नका, मुळे तुटतात. तिथे खुरपे किंवा हातच बरा.

सगळी तणे सारखी नसतात, बरं का!

हरळीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते. तुकडे मातीत राहिले तर एकाच्या दहा होतात. म्हणून तिच्या काशा ओढून काढा आणि दगडावर उन्हात कडक वाळवा.

लव्हाळ्याच्या जमिनीत गाठी असतात. वरचे पाते कापले तरी तो पुन्हा उगवतो. लागवडीपूर्वी उन्हाळ्यात जागा खणा. गाठी वेचा. उरलेल्या उन्हाने वाळू द्या.

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात लोकांच्या नजरेस आले. आज ते गावोगाव आहे. एका झाडाला हजारो बिया येतात. म्हणून फुले येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटा. पुष्कळांना त्याने खाज सुटते, तेव्हा हाताला फडके गुंडाळा.

अमरवेल म्हणजे पिवळ्या दोऱ्यांचे जाळे. तिची मुळे जमिनीत नसतात. ती कुंपणाचाच रस पिते. दोरे नुसते ओढू नका. ज्या फांदीला ती चिकटली असेल ती फांदीच कापा आणि जाळून टाका. एक तुकडा राहिला तरी ती पुन्हा पसरते.

तणनाशक मारावे का? वाऱ्याने औषध उडाले तर कोवळे कुंपणही जळते. एवढ्याशा पट्ट्याला खुरपेच पुरे.

पाऊस सरला की शेवटची खुरपणी करा. मग उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळका पाला ३-४ बोटे जाड पसरा. त्याने ओल टिकते आणि नवे तण कमी उगवते. मात्र खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजते. बी धरलेले गवत आच्छादनाला वापरू नका. ते म्हणजे आपल्याच हाताने तण पेरणे!

मेंदीचे शेंडेही अधूनमधून छाटा. मग ती बुडापासून दाट होते. दाट कुंपणाच्या सावलीत गवताला डोके वर काढता येत नाही. तेव्हा खुरप्याचे काम हलके होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावली. खुरपणीच्या पाळ्या मुलांना वाटून दिल्या. पहिली पाळी आम्ही स्वतःकडे घेतली. त्या साली शेळ्या बाहेरूनच बागेकडे बघत राहिल्या.