गाभण-तपासणीच्या प्रोबची स्वच्छता

सोनोग्राफी यंत्राने गाई-म्हशींची गाभण-तपासणी रेतनानंतर सुमारे ३० दिवसांनी करता येते. हाताने तपासून तोच निर्णय देण्यास साधारणपणे दोन महिने थांबावे लागते. रिकामे जनावर लवकर ओळखल्याने भाकड काळ कमी होतो. परंतु या सोयीबरोबर एक जबाबदारीही येते.

यंत्राचा प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणारा भाग, जनावराच्या गुदाशयात घालावा लागतो. त्यास शेण व प्रसंगी रक्तही लागते. जोन्स रोगाचे जंतू शेणातून बाहेर पडतात; ल्युकोसिसचे विषाणू रक्तातून पसरतात. जोन्स रोगाची लक्षणे उघड होण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. म्हणून जनावर दिसण्यात निरोगी आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. न धुतलेला प्रोब एका गोठ्यातील रोग दुसऱ्या गोठ्यात नेऊ शकतो.

प्रत्येक जनावरानंतर पुढील क्रम पाळावा :

(१) आवरण व हातमोजा काढून टाकावा. तो दुसऱ्या जनावरास वापरू नये. आवरण फाटू शकते, म्हणून ते वापरले तरी प्रोब धुणे आवश्यकच आहे.

(२) शेण व जेल पुसून प्रोब साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा व कोरडा करावा. शेणाच्या थरामुळे जंतुनाशकाचे बळ कमी होते. न घासलेल्या भांड्यास कल्हई करण्यासारखेच ते व्यर्थ ठरते.

(३) यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच जंतुनाशक वापरावे आणि वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत प्रोब ओला ठेवावा.

(४) नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. औषधाचा राहिलेला अंश गुदाशयाच्या नाजूक अस्तराचा दाह करतो.

प्रोब उकळू नये. स्पिरिटने पुष्कळ प्रोबांच्या तोंडावरील रबरी पडदा खराब होतो, म्हणून पुस्तिकेत मुभा नसल्यास ते लावू नये. जोडणीचे टोक पाण्यात बुडवू नये. पडद्यास किंवा तारेस चीर पडली असल्यास तो प्रोब वापरू नये. चिरेत जंतू साठतात व विजेचा धोकाही संभवतो.

शिबिराच्या ठिकाणी ग्रामसेवकांनी मुबलक पाणी, साबण, दोन बादल्या व स्वच्छ फडकी यांची आगाऊ व्यवस्था करावी. गाभडलेली व हगवण लागलेली जनावरे वेगळी बांधून शेवटी तपासावीत. आपल्या जनावरापूर्वी प्रोब धुतला आहे किंवा नाही, हे पशुपालकाने विचारण्यास संकोच करू नये.